वणव्याची शाळा

ज्या जिल्ह्याच्या एकंदर भूमीपैकी शंभरातला एक हिस्सादेखील वनाखाली भरत नाही, त्या धाराशिव जिल्ह्यात वणव्याशी झुंजणाऱ्या माणसांचा आणि त्यांच्या शिक्षणाचा इतिहास शोधावयास निघणे पुष्कळांस अप्रस्तुत वाटेल; परंतु ज्याच्या घरात धान्याची एकच कणगी आहे त्यालाच उंदरांची धास्ती अधिक असते, आणि ज्याच्या मुलखात रान मुठीएवढे उरले आहे त्यालाच त्या रानातील एका ठिणगीचे भय रात्री झोपू देत नाही. बालाघाटाची रांग ह्या जिल्ह्यातून जाते, आणि येडशीजवळ तिच्या कुशीत रामलिंगाचे देवस्थान आहे. सीतेस घेऊन निघालेल्या रावणास जटायूने ह्याच ठिकाणी अडविले आणि पंख छाटला गेलेला तो वृद्ध पक्षी ह्याच घाटात कोसळला, अशी परिसरातील लोकांची श्रद्धा आहे. देवस्थानाभोवतीचे सुमारे २२ चौरस किलोमीटर रान १९९७ साली येडशी रामलिंगघाट अभयारण्य म्हणून घोषित झाले. आणि २०२४ सालच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, शेकडो किलोमीटरचा शेतीवाडीचा मुलूख पार करून, ह्याच रानात मुक्कामास आला, तेव्हा एवढ्याशा जंगलाची किंमत काय, हे जिल्ह्याबाहेरच्या लोकांसही उमगले. पण त्या वाघास आडोसा देणारी झाडी दर उन्हाळ्यात जळता जळता कोणी वाचवीत आणली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

ह्या मुलखातला वणवा म्हणजे चित्रांत दिसणारा, गगनचुंबी वृक्षांच्या शेंड्यांवरून धावणारा अग्नी नव्हे. इथला वणवा गवताचा असतो. पावसाळ्यात कमरेएवढी वाढलेली कुसळी मार्गशीर्षापासून वाळू लागते, माघात ती पिवळी होते, आणि फाल्गुनात तिच्यावर पाय ठेवला तर काडी मोडल्याचा आवाज येतो, इतकी कोरडी पडते. पळस, धावडा, सालई, खैर, हिवर, आपटा आणि सीताफळीची झुडपे ह्या गवतात विखुरलेली. दुपारी वारा सुटला की घाटाच्या पायथ्याशी पडलेली ठिणगी चढाच्या दिशेने धावत सुटते, कारण ज्वाळा वरच्या बाजूच्या गवतास लागण्याआधीच त्यास तापवून ठेवीत असते. उतारावर तीच आग रेंगाळते. हे ज्यास ठाऊक नाही तो आगीच्या वरच्या अंगास उभा राहतो, आणि तेथेच फसतो. बांध पेटविताना हाताबाहेर गेलेला जाळ, उसाचे पाचट जाळताना उडालेली राख, मोहोळ काढताना केलेला धूर, वाटसरूने फेकलेले विडीचे थोटूक, आणि जुने गवत जाळले की पहिल्या पावसाबरोबर कोवळा चारा जोमाने फुटतो ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत, ह्या सर्वांतून वणवा जन्मास येतो. ह्या समजुतीत अर्धसत्य आहे. कोंब फुटतो खरा. परंतु वरचेवर आग लागलेल्या माळावर पवन्यासारखी रसाळ गवते मागे पडतात, आणि जिचे अणकुचीदार बी स्वतःस जमिनीत पिळून घेते ती कुसळी मात्र माजते. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग शेवटी चाऱ्याचाच घात करते, आणि ही गोष्ट माळ राखणाऱ्या जुन्या माणसांनी पुस्तकांवाचून ओळखली होती.

वनांस आगीपासून राखणे हे सरकारचे काम आहे, ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. १८५३ सालच्या तहाने निजामाने जे प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केले त्यांत नळदुर्गचा जिल्हा, म्हणजे आजच्या धाराशिवाचा पूर्वज, होता. आणि १८५७ मध्ये वऱ्हाडात बदली होईपर्यंत कर्नल मेडोज टेलर ह्या ग्रंथकार अधिकाऱ्याने त्याचा कारभार पाहिला. त्याच्या आत्मवृत्तात रस्ते, तलाव आणि जमीनमोजणी ह्यांचा पसारा पुष्कळ आहे, आणि तो वाचताना मन रमते. १८६० मध्ये जिल्हा पुन्हा निजामाकडे गेला. त्यानंतर अवघ्या चारपाच वर्षांत मध्यप्रांतातील सातपुड्याच्या बोरी नामक अरण्यात (नळदुर्गच्या किल्ल्यास वळसा घालणाऱ्या आपल्या बोरी नदीशी त्याचे केवळ नामसाम्य आहे) कर्नल पिअरसन ह्याने एक प्रयोग आरंभिला. हजारो एकर जंगल संबंध उन्हाळाभर आगीपासून अलिप्त ठेवता येते, ह्यावर तेव्हा कोणाचाच विश्वास नव्हता. पिअरसनने जंगलाच्या कडेने गवत कापवून व तेवढाच पट्टा आधी जाळवून रेषा आखल्या, त्यांवर पहारे बसविले, आणि ते अरण्य राखून दाखविले. हिंदुस्थानातील वनांचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस ह्यांच्या कारकिर्दीत ही पद्धत देशभर पसरली, आणि १८७८ साली डेहराडून येथे वनशिक्षणाची शाळा निघाली. तथापि त्या शाळेत रेंजर तयार होत. रेषेवर रात्र काढणारा पहारेकरी जेथल्या तेथेच घडत असे. प्रयोगाची कीर्ती पिअरसनच्या नावे नोंदली गेली, आणि ज्यांनी विळे चालविले व डहाळ्यांनी आग झोडपली त्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, ही आपल्या विषयाची पहिली खंत.

निजामी अमदानीत ह्या खात्यास ‘जंगलात’ म्हणत, आणि त्याच्या प्रमुखास नाजिम. १८८४ पासून राज्याचा दफ्तरी कारभार उर्दूत चाले. जिल्ह्यातील काही तालुके सर्फेखासात, म्हणजे निजामाच्या खाजगी दौलतीत, मोडत. अव्वल तालुकदारापासून तहसीलदार, गिरदावर आणि पटवारी इथपर्यंत हुकुमाची साखळी उतरत येई, आणि तिच्या अगदी तळाशी गावचा शेतसनदी, महार किंवा रामोशी, आणि जंगलाचा चौकीदार उभा असे. हुकूम उर्दूत, दफ्तर मोडीत वा उर्दूत, आणि आग विझविणाऱ्याची बोली मराठी; आणि त्यासही बहुधा अक्षरओळख नसे. अशा व्यवस्थेत वणव्याचे शिक्षण तोंडी आणि हातोहातच होणार. ते कोणत्याही फर्मानात सापडणार नाही, आणि फसली १३५५ मध्ये, म्हणजे इसवी १९४५–४६ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानाने जो जंगलाचा कायदा केला त्यातही नाही. ते बापाकडून मुलाकडे, थोरल्या गुराख्याकडून धाकट्याकडे गेले.

हे शिक्षण कसे होते, हे पाहावयाचे असेल तर आजही जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी जाळपट्टा काढण्याचे काम चालू असताना घाटाच्या कडेस जाऊन उभे राहावे. आधी दोन समांतर ओळींत गवत कापून, ओढून, माती उघडी करतात; ह्या दोन उघड्या ओळींच्या मधले गवत तसेच उभे ठेवतात. मग दुपारचा वारा पडण्याची वाट पाहत सर्व मंडळी सावलीस बसतात. हे बसणे म्हणजे कामचुकारपणा आहे असे नवख्यास वाटते. परंतु ह्या कामाची निम्मी विद्या त्या वाट पाहण्यात आहे. एखादा जाणता मूठभर धूळ उचलून बोटांतून सोडतो आणि ती कोणीकडे जाते ते पाहतो. संध्याकाळ कलली, धूळ सरळ खाली पडू लागली, की मधल्या गवतास वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने काडी लागते, आणि दोन्ही ओळींवर दहा-बारा पावलांच्या अंतराने हिरव्या डहाळ्या घेतलेली माणसे उभी राहतात. नवा पोरगा डहाळी डोक्याच्या वर उचलून जोराने आपटतो, आणि ठिणग्या पलीकडच्या सुक्या गवतात उडवतो. तेव्हा शेजारचा म्हातारा त्याचे मनगट धरतो. डहाळी उचलायची नसते. ती जमिनीलगत ठेवून, जळाल्या बाजूकडे ओढीत, आगीस दाबायचे असते. पाय काळ्या राखेवर, तोंड आगीकडे, पाठीमागे पळण्याची वाट मोकळी. काम संपल्यावरही कोणी घरी जात नाही. सुक्या शेणाची पोह आणि वाळक्या खोडाची ढोली ह्यांत विस्तव तासन्‌तास दडून बसतो आणि पहाटेच्या वाऱ्यावर पुन्हा डोळा उघडतो, म्हणून मडक्यातले पाणी आणि ओंजळीतली माती घेऊन एकेक पोह उलथीत रेषेवरून फिरावे लागते. त्या रात्री मुलगा जे शिकतो ते त्यास जन्मभर पुरते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या विद्येस नवे काम लागले. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत निघालेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे येडशीच्या मुलखातून पुढे सरकत १९११ मध्ये लातुरास पोचली. ह्या चिमुकल्या गाडीवर पंचक्रोशीचे प्रेम होते, आणि ते रास्तच होते. परंतु कोळशाच्या इंजिनाच्या धुराड्यातून उडणारी ठिणगी वाळल्या गवतात पडणे हा त्या काळच्या सगळ्याच लोहमार्गांचा उपद्रव होता, आणि त्यासाठी रुळांच्या दुतर्फा गवत काढून जमीन उघडी ठेवावी लागे. ते काम करणारे गँगमन हेदेखील एका अर्थी वनाचे रक्षकच होत.

आता कायद्याकडे वळू; कारण कृतज्ञतेचा प्रश्न तेथेच सर्वांत टोकदार होतो. १९६० च्या एकीकरण अधिनियमाने १९२७ चा भारतीय वन अधिनियम मराठवाड्यासह साऱ्या महाराष्ट्रास एकसारखा लागू झाला. त्याचे २६ वे कलम राखीव वनास आग लावणे हा गुन्हा ठरविते. एवढेच नव्हे तर जाणूनबुजून किंवा घोर हयगयीने आग लागल्यास त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क काही मुदतीपर्यंत तहकूब करण्याचा अधिकार सरकारास देते. म्हणजे एकाच्या बेपर्वाईचे प्रायश्चित्त सबंध गावाच्या गुराढोरांनी घ्यावयाचे. ७९ वे कलम त्याहून विचार करण्याजोगे आहे. ज्यास वनात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क वा परवाना आहे, किंवा जो गावकीच्या कामाबद्दल सरकारी मुशाहिरा घेतो, अशा प्रत्येकाने वणव्याची वार्ता कळताच ती वनाधिकाऱ्यास द्यावी, बोलावण्याची वाट न पाहता आग विझविण्यास धावावे, आणि न धावल्यास एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा भोगाव्या. न धावणाऱ्यास शिक्षा कोणती हे कायद्याने नेमके सांगितले. धावणाऱ्याचे हात भाजले तर त्याच्या घरी चूल कशी पेटावी, ह्याविषयी त्याच कलमात एक अक्षर नाही. ही उणीव मला आजही सलते. धाकाने माणूस आगीजवळ जाईल. परंतु वाऱ्याने दिशा बदलल्यावर तेथे टिकून राहील तो धाकाने नव्हे. कुमाऊँच्या डोंगरांत १९२१ साली लोकांनी वननियमांचा संताप सरकारी जंगले पेटवून व्यक्त केला, आणि आपल्याकडे पुसदला १९३० साली लोकनायक अण्यांच्या नेतृत्वाखाली गवत कापून जंगल सत्याग्रह झाला. ज्या रानातून आपणांस हाकलले ते रान आपले आहे असे लोकांस वाटेनासे झाले म्हणजे काय होते, ह्याचे हे दोन दाखले आहेत, एक दाहक आणि एक संयमी.

स्वातंत्र्योत्तर काळात वनरक्षकांच्या शिक्षणाची रीतसर व्यवस्था झाली. चिखलदरा, जालना, पाल आणि शहापूर येथील वनप्रशिक्षण संस्था आणि पुढे चंद्रपूर व कुंडल येथील प्रबोधिन्या ह्यांमधून खात्यात भरती झालेला तरुण सहा-सहा महिने कवायत, वृक्षपरिचय, कायदा, मोजणी आणि अग्निसंरक्षण शिकतो. मराठवाड्याच्या मुलांस जालना जवळ पडते. ह्या संस्थांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण तेथे तयार झालेला वनरक्षक पुढे दोन-चार हजार एकरांच्या नियतक्षेत्रात, म्हणजे त्याच्या ‘बीटा’त, एकटा उभा राहतो. पण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जो आगीचा हंगाम खात्याने मानलेला आहे, त्या चार महिन्यांपुरते रोजंदारीवर जे अग्निरक्षक घेतले जातात, त्यांना कोणत्याही शाळेचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. त्यांचे शिक्षण अजून त्या जुन्याच शाळेत, राखेवर पाय ठेवून, होते. आणि आगीच्या सर्वांत जवळ तेच असतात.

शिक्षणाची ही उणीव किती महाग पडते हे दोन प्रसंगांवरून दिसते. अमेरिकेच्या मॉन्टाना प्रांतात ५ ऑगस्ट १९४९ रोजी मान गल्च नावाच्या घळीत विमानातून उतरलेले निवडक जवान चढत्या गवताळ उतारावर वणव्यात सापडले आणि तेरा जण मरण पावले. त्यांचा नायक वॅग डॉज ह्याने ऐन वेळी आपल्या पुढचे गवत स्वतःच पेटविले आणि जळून गेलेल्या त्या काळ्या तुकड्यात तो पालथा पडून राहिला. मुख्य आग त्यास वळसा घालून गेली. त्याने इतरांना हाका मारल्या, पण ती युक्ती त्यांना कोणी शिकविलेली नव्हती, आणि आगीपुढे आग लावणारा नायक भ्रमिष्ट झाला असावा असेच त्यांना वाटले असेल. वस्तुतः अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील रहिवाशांना तो उपाय शतकापूर्वीपासून माहीत होता. त्या दुर्घटनेनंतर तेथे संशोधन सुरू झाले, आणि १९५७ मध्ये आगीशी लढणाऱ्यांसाठी दहा आज्ञा तयार झाल्या, ज्यांत पळण्याची वाट आधी ठरवा ही एक आहे. दुसरा प्रसंग आपल्या घरचा. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदियाच्या नागझिऱ्यात वणवा विझवीत असताना वाऱ्याने उलट खाल्ली आणि तीन वनमजूर होरपळून मृत्युमुखी पडले, दोघे गंभीर भाजले. ते हंगामी रोजंदारीचे लोक होते. मॉन्टानातील तेरा जणांवर ग्रंथ लिहिले गेले, दरीत त्यांचे स्मृतिस्तंभ उभे राहिले. नागझिऱ्याच्या तिघांची आठवण आता त्यांच्या गावापलीकडे कितीजणांस असेल?

सरकारने कृतज्ञतेची वाट धरली ती उशिरा, पण धरली हे नमूद केले पाहिजे. १६ मार्च १९९२ च्या शासननिर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापनाची पद्धत राज्यात आली, आणि गावच्या समितीने जंगल राखावे व उत्पन्नात वाटा घ्यावा असे ठरले. २००६–०७ पासून संत तुकारामांच्या नावाची वनग्राम योजना सुरू होऊन, आग, चोरटी तोड आणि अतिक्रमण ह्यांपासून रान वाचविणाऱ्या गावांस बक्षिसे मिळू लागली. वृक्षवल्लींस सोयरे मानणाऱ्या संताचे नाव ह्या कामास देण्यात औचित्य आहे. २००४ पासून डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगीची वार्ता खात्यास कळवू लागले, आणि आज ती थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येते. हिरव्या डहाळीच्या जोडीस पाठीवर अडकविण्याचा ब्लोअर आला आहे, जो पालापाचोळा उडवून क्षणात रेषा मोकळी करतो. ह्या साधनांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र आकाशातील यंत्रास आग दिसते. ती कोणत्या ओघळीतून वर चढेल, कोणत्या पायवाटेने तिच्या पुढे जाता येईल, आणि कोणत्या झऱ्यास चैत्रातही घोटभर पाणी असते, हे ज्याचे गुडघे त्या रानात झिजले त्यालाच ठाऊक असते.

आणि त्याच्या मागे आणखी कितीजण उभे असतात. मध्यरात्री हाळी ऐकून आपला ट्रॅक्टर काढणारा आणि रानाच्या कडेने दोन तास नांगर फिरविणारा शेतकरी; डोक्यावर घागरी घेऊन घाट चढणाऱ्या बाया; नवऱ्याच्या हंगामी नोकरीचे चार महिने दर दुपारी डोंगराकडे पाहत काढणारी त्याची बायको; पोह उलथण्याची शिकवण देणारा, आता दृष्टी अधू झालेला म्हातारा; आणि आपल्या मेंढ्यांचा कळप बाजूस लावून पहिली डहाळी तोडणारा मेंढपाळ, ज्याच्यावर पुष्कळदा आग लावल्याचा संशयच आधी घेतला जातो. रामकथेत सीतेसाठी लढून पडलेल्या जटायूचे उत्तरकार्य स्वतः रामाने पुत्रवत् केले, आणि ज्या घाटात तो पडला अशी आपली श्रद्धा आहे त्याच घाटात हे लोक आग झोडपीत आहेत. माझी विनंती एवढीच आहे, की येडशीच्या नाक्यावर प्राण्यांच्या चित्रांचे फलक असावेत तसाच एक फलक दर वर्षीच्या अग्निरक्षकांच्या नावांचाही असावा, मजुराच्या, बाईच्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या नावासकट. हंगाम सुरू होण्यापूर्वी रोजंदारीच्या प्रत्येक माणसास किमान आठवडाभराचे रीतसर शिक्षण, जाड कापडाचा पोशाख, बूट आणि विमा मिळावा. आणि त्या आठवड्यातील एक दिवस शिकविण्यासाठी गावच्या जाणत्या गुराख्यास मानाने बोलवावे.

जाळपट्ट्यांचे काम १५ फेब्रुवारीच्या आत पुरे व्हावे लागते. त्या सुमारास घाटातून जाणाऱ्याने गाडी थांबवावी, काम करणाऱ्यांस पाणी विचारावे आणि त्यांची नावे विचारावीत. आणि पुढे उन्हाळ्यात कोठेही रानावर धूर दिसला, तर १९२६ ह्या वनखात्याच्या क्रमांकावर तेवढ्याच तातडीने कळवावे.